कळलावी, कांदा आणि बकऱ्याचा भेजा: ट्यूब्युलिन प्रकल्पाच्या नोंदी

१२ जून

आजपासनं ह्या नोंदी मराठीत. लॅबची नोटबुक इंग्रजीत आहेच, पण त्यात किती ग्रॅम टाकलं आणि किती तास ढवळलं एवढंच जातं, डोक्यात काय चाललंय ते कुठंच राहत नाही आणि सहा महिन्यांनी मलाच कळत नाही की हे मी का केलं होतं.

प्रकल्प असा. ट्यूब्युलिनला चिकटणारे नवीन कंपाऊंड बनवायचे, कॅन्सरच्या दिशेनं. ट्यूब्युलिन हे पेशीतलं प्रोटीन, अल्फा आणि बीटा अशी जोडी. जोड्या एकापुढं एक लागल्या की धागा होतो आणि असे साधारण १३ धागे गोल उभे राहिले की २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी होते, तीच मायक्रोट्यूब्यूल. एका पेशीच्या दोन होताना क्रोमोसोम ह्याच नळ्यांनी दोन बाजूला ओढले जातात. नळ्यांचं काम बिघडवलं की पेशी मधेच अडकते आणि फार वेळ अडकून राहिली की बहुतेकदा मरते.

ट्यूब्युलिनवर औषध बसायच्या जागा बऱ्याच आहेत. सदाफुलीवाली विन्का साईट, पॅक्लिटॅक्सेलवाली टॅक्सेन साईट, आणि आम्ही निवडलेली कोल्चिसिन साईट. हिच्यात बसणारे रेणू लहान असतात, आमच्यासारख्या लॅबला चार-पाच स्टेपमध्ये जमतात. पॅक्लिटॅक्सेल बनवायला घेतलं तर माझी सगळी पीएचडी त्यातच जाईल.

कोल्चिसिन म्हणजे आपल्या कळलावीतलं विष. आज सकाळी रानातनं येताना बांधावर दिसली, आत्ताच कोंब वर आलेत, पानाच्या टोकाचा ताणा शेजारच्या घाणेरीला गुंडाळलाय. फुलं अजून महिन्याभरानं येतील, पिवळी-लाल, ज्वाळेसारखी. कंद नांगरासारखा म्हणून संस्कृतात लांगली. आजी लहानपणी हातच लावू द्यायची नाही, आणि बरोबरच होतं तिचं, कंद नि बिया दोन्ही जीवघेण्या. विष असल्यामुळंच आणि गुण नि घात ह्यांच्यात अंतर फार थोडं असल्यामुळं कोल्चिसिन स्वतः कॅन्सरचं औषध होऊ शकलं नाही, गाऊटला अगदी थोड्या डोसात देतात. पण ट्यूब्युलिन सापडलं ते ह्याच्यामुळंच. १९६०च्या दशकात बोरिसी आणि टेलर कोल्चिसिन पेशीत नक्की कशाला चिकटतं ते शोधत होते, त्यातनं हे प्रोटीन हाताला लागलं.

आमच्या कंपाऊंडची नावं मी कळ-१, कळ-२ अशी ठेवणार आहे. सरांना सांगितलं, चालेल म्हणाले.

१६ जून

आधी माहितीतलं कंपाऊंड बनवायचं, नवीन मागनं. माहितीतलं म्हणजे कॉम्ब्रेटास्टॅटिन ए-४. पेटिट ह्यांच्या ग्रुपनं आफ्रिकेतल्या कॉम्ब्रेटम झाडातनं काढलं, १९८९ साली छापून आलं. आपला हिरडा, बेहडा, अर्जुन, उक्षी हे सगळे त्याच कुळातले. रेणू इतका साधा आहे की बघून विश्वास बसत नाही, दोन बेंझिन रिंग, मधे एक डबल बॉण्ड, एका रिंगवर तीन मिथॉक्सी, म्हणजे ऑक्सिजन नि मिथाईलचे छोटे गट. हे तीन मिथॉक्सीचं त्रिकूट कोल्चिसिनमध्ये आहे, पोडोफायलोटॉक्सिनमध्ये आहे आणि ह्यातही आहे, म्हणजे तीन वेगवेगळ्या झाडांनी एकाच कुलपाला तीच किल्ली केलीय.

दोन रिंगांचे तुकडे जोडणारी पर्किन रिअॅक्शन लावली. ट्रायमिथॉक्सीफिनाईल अॅसेटिक अॅसिड, आयसोव्हॅनिलिन, अॅसेटिक अॅनहायड्राईड, ट्रायइथाईल अमाईन. आयसोव्हॅनिलिनची बाटली उघडली की सगळ्यांना आईस्क्रीमची आठवण होते, पण व्हॅनिलाचा खरा वास ह्याच्या भावाला, व्हॅनिलिनला.

२१ जून

आज डीकार्बोक्सिलेशन, म्हणजे रेणूतनं कार्बन डायऑक्साईड काढून टाकायचा. कॉपर पावडर, क्विनोलिन, २०० अंश. क्विनोलिनचा वास ओढणीतनं दोन दिवस जात नाही, आईनं घरात घुसताच विचारलं कुठल्या गटारीत गेलतीस. शुद्ध करायच्या कॉलमवरनं पांढरट माल मिळाला, ३८ टक्के. थोडा कमी आहे पण पुरतो.

२४ जून

एनएमआर आलं, म्हणजे रेणूची रचना दाखवणारा आलेख. डबल बॉण्डवरच्या दोन प्रोटॉनचे दोन डब्लेट (जोड-रेषा), ६.४ च्या आसपास, कपलिंग, म्हणजे जोडीतल्या रेषांमधलं अंतर, १२ हर्ट्झ. १२ म्हणजे सिस, म्हणजे दोन्ही रिंग एकाच बाजूला. १६ आलं असतं तर ट्रान्स, आणि ट्रान्स जवळजवळ बिनकामाचं. वजन तेच, फॉर्म्युला तोच, फक्त एक रिंग पलीकडं गेली की खेळ संपला. प्रिंट काढून टेबलासमोर चिकटवला.

संकेतनं, म्हणजे आमच्या ज्युनिअरनं, सिस-ट्रान्स दोन्हींचं डॉकिंग करून ठेवलंय, म्हणजे रेणू प्रोटीनमध्ये कसा बसेल ते कॉम्प्युटरवर बघितलंय. दोन्हीला स्कोर चांगला! तेव्हाच ठरवलं की डॉकिंगच्या आकड्यावर मी एकही कंपाऊंड निवडणार नाही आणि एकही टाकून देणार नाही. चित्र बघायला उपयोगी आहे, रिंग कुठं बसेल, सिस्टीन २४१ जवळ कोण येईल, एवढ्यापुरतं.

२ जुलै

पेशींवरची टेस्ट आमच्याकडं होत नाही, म्हणून सुरुवात कांद्यापासनं. बीएस्सीला सगळ्यांनी केलेलं प्रॅक्टिकल, कांद्याच्या मुळाचं टोक, अॅसिटोकार्माईनचा रंग, आणि मायक्रोस्कोपखाली क्रोमोसोम. मार्केट यार्डातनं एक किलो कांदा आणला, पाणी भरलेल्या कपांवर बसवला, तीन दिवसात मुळं फुटली.

कोल्चिसिन ०.०५ टक्के: एकदम पुस्तकातल्यासारखं. मुळाचं टोक फुगून गाठ झाली आणि आत १६ क्रोमोसोम मधोमध विस्कटून पडलेले, ओढणारं कुणी नाही. इतकं स्वच्छ दिसलं की मी संकेतला पकडून दाखवलं.

कॉम्ब्रेटास्टॅटिन ५ मायक्रोमोलर: काही नाही. पेशी विभागायच्या सगळ्या अवस्था निवांत चाललेल्या, अॅनाफेज, टेलोफेज, सगळं. परत केलं. परत काही नाही.

रात्री झोप लागली नाही. सिस आहे, शुद्ध आहे, मग?

४ जुलै

सापडलं, आणि चूक कंपाऊंडची नाही, माझ्या प्रश्नाची आहे. ०.०५ टक्के कोल्चिसिन म्हणजे हिशोब केला तर १.२५ मिलिमोलर होतं, म्हणजे मी कॉम्ब्रेटास्टॅटिन घातलं त्याच्या २५० पट. मग कोल्चिसिनच ५ मायक्रोमोलर घालून बघितलं, तर तेही काही करत नाही. कांदा खुशाल वाढतोय. माणसाच्या पेशी ह्याच्या कितीतरी कमी कोल्चिसिनवर अडकतात. वनस्पतीचं ट्यूब्युलिन कोल्चिसिनला फार ढिलं धरतं, कळलावी स्वतःच्याच विषानं मरत नाही त्यामागं हेही एक कारण असणार. म्हणजे ह्या डोसाला कांद्याला विचारून उपयोगच नव्हता, त्याला तो प्रश्न ऐकूच जात नाही. कंट्रोल, म्हणजे तुलनेचं कोल्चिसिन, त्याच डोसाला पहिल्याच दिवशी लावला असता तर दोन दिवस वाचले असते.

घरी जेवताना हे सांगत होते, तर पप्पांची आडसाली लागणीची तयारी चाललेली, बेणे प्रक्रियेला बाविस्टिन आणून ठेवलंय. म्हणलं पप्पा, हे पण तेच आहे की! बाविस्टिन म्हणजे कार्बेन्डाझिम, ते बुरशीच्या ट्यूब्युलिनला धरतं, बुरशीची पेशी वाढत नाही, उसाच्या डोळ्याला काही होत नाही. शाळेत पोरांना जंताची गोळी देतात, अल्बेंडाझोल, ती जंताच्या ट्यूब्युलिनला धरते. पेंडीमिथॅलिन तणनाशक तणाच्या ट्यूब्युलिनला धरतं. प्रोटीन एकच, वनस्पती, बुरशी, प्राणी सगळ्यांत जवळजवळ सारखं, पण इथं-तिथं दोन-चार अमिनो अॅसिडचा फरक, आणि त्या फरकावर सगळी शेती आणि अर्धं औषधाचं दुकान चाललंय. पप्पा म्हणाले, "मग तुमच्या औषधाला बुरशी आणि माणूस ह्यातला फरक न्हाई, माणूस आणि माणूस ह्यातला फरक पायजे. ते कसं करणार?" उत्तर माझ्याकडं नाही. कॅन्सरची पेशी आपलीच, तिचं ट्यूब्युलिन आपलंच. ती भराभर विभागते आणि बाकीच्या बहुतेक पेशी निवांत असतात, ह्या एवढ्या फरकावर ही औषधं उभी आहेत.

७ जुलै

सरांशी बोलणं झालं. प्राण्याचं ट्यूब्युलिन पाहिजे. विकत घ्यायचं तर काही मिलिग्रॅमला आमचं सहा महिन्यांचं केमिकलचं बजेट जातं. दुसरा मार्ग स्वतः काढायचा, मेंदूतनं. भारतात बऱ्याच लॅब बकऱ्याच्या मेंदूतनं काढतात. आणि बकऱ्याचा भेजा कोल्हापुरात नाही मिळणार तर कुठं मिळणार.

फक्त एक अडचण, आषाढ चाललाय तोवरच. आत्ता टेंबलाईच्या यात्रा, घरोघरी तांबडा-पांढरा, दुकानासमोर रांगा. गटारी झाली, श्रावण लागला की निम्मी दुकानं बंद आणि उरलेल्यांत बकरी कमी. म्हणजे २४ तारखेच्या आत दोन-तीन वेळा तरी प्रयत्न झाला पाहिजे.

१० जुलै

पहाटे साडेपाचला मटणाच्या दुकानात थर्मोकोलचा बॉक्स आणि बर्फ घेऊन. मालकांना आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं, की कापल्या कापल्या भेजा पाहिजे, रात्रीचा नको, फ्रिजमधला नको. त्यांनी विचारलं, "ताई, एवढा ताजा कशाला? फ्राय करायला कालचा पण चालतोय की." सांगितलं कॅन्सरच्या औषधावर काम आहे. मग ते गप्प झाले, आणि तीन भेजे स्वतः हातानं कवटीतनं अख्खे काढून दिले, कुठं चीर नाही. पैसे घेताना एकाचेच घेतले. त्यांच्या भावाला झालेला, एवढंच म्हणाले.

लॅबमध्ये बर्फावर ट्रे ठेवून वरचा पातळ पडदा आणि रक्ताच्या गुठळ्या चिमट्यानं काढल्या. पडदा ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघतो, पण मेंदूच्या घडीत शिरलेला असतो तिथं हळू ओढावं लागतं, तासभर गेला आणि बोटं बधिर. मग मिक्सर, गार बफर, कोल्ड सेंट्रीफ्यूज.

ह्या कामाची युक्ती फार सुंदर आहे. ट्यूब्युलिन तुपाच्या उलट वागतं. तूप गार केलं की थिजतं, हे गरम केलं की नळ्या होऊन उभं राहतं आणि बर्फात ठेवलं की परत सुटं होतं. म्हणून गार करून फिरवायचं, घाण खाली बसते, ट्यूब्युलिन वर पाण्यात. ते पाणी घेऊन जीटीपी (नळ्या जुळायला लागणारं इंधन) आणि ग्लुटामेट घालायचं, ३७ अंशाला ठेवायचं, नळ्या होतात, गरमच फिरवायचं, आता नळ्या खाली आणि बाकीची प्रोटीन वर. खालचा गोळा बर्फात सोडायचा. असं दोनदा. ग्लुटामेट म्हणजे चायनीज गाडीवरचं अजिनोमोटोच, फक्त शुद्ध ग्रेडचं.

आज ३७ अंशाला ४० मिनिटं ठेवलं आणि काहीच झालं नाही. फिरवलं तर तळाला चिमूटभर तपकिरी गाळ. तीन भेजे गेले.

११ जुलै

कारण ईजीटीए. स्टॉक मी केला होता, पांढरी पावडर पूर्ण विरघळली नव्हती, मी धूळ समजून फिल्टर केलं. ईजीटीए पीएच वर नेल्याशिवाय विरघळतच नाही, म्हणजे मी फिल्टर पेपरवर सगळा ईजीटीएच काढून टाकला आणि बाटलीवर नाव लिहिलं. ईजीटीएचं काम कॅल्शियम धरून ठेवायचं. कॅल्शियम मोकळं असलं की नळ्या होत नाहीत, आणि हेच १९७२ पर्यंत जगात कुणाला जमत नव्हतं. वायझनबर्गनी कॅल्शियम बांधलं आणि पहिल्यांदा परीक्षानळीत मायक्रोट्यूब्यूल उभ्या केल्या. ते पेपरमध्ये मी दोनदा वाचलेलं. हातानं चुकल्यावर आत्ता कळलं.

मालकांच्या त्या दोन भेज्यांचं मात्र फार वाईट वाटतंय.

१५ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही, पंचगंगा पात्राबाहेर, जीटीपीचं नवीन पार्सल पुण्यातनं निघून वाटेत अडकलंय. जुनं थोडं शिल्लक आहे, जपून वापरायचं.

१७ जुलै

झालं!!

नवीन ईजीटीए, पीएच ८ ला नेऊन आरपार काचेसारखा केलेला. परत पहाटे, परत तीन भेजे. ३७ अंशाला दहा मिनिटांतच ट्यूबमधलं पाणी धुरकट व्हायला लागलं, पेजेवर साय धरावी तसं. फिरवल्यावर तळाला गोळा, साबुदाणा शिजल्यावर होतो तसा अर्धपारदर्शक, हलवला की थरथरणारा. बर्फात ठेवला तर अर्ध्या तासात विरघळून गेला. दुसरी फेरी पण तशीच. ब्रॅडफर्डनं, म्हणजे प्रोटीन मोजायच्या रंगानं, मोजलं, साधारण ७० मिलिग्रॅम. ६० छोट्या ट्यूबमध्ये भरून लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवलं. नायट्रोजनचा कॅन जिथनं गाई-म्हशींच्या रेतनाच्या कांड्यांसाठी जातो तिथलाच.

रात्री साडेनऊला लॅबमधनं निघाले. मालकांना फोन करून सांगितलं की जमलं.

१९ जुलै

मावशीकडं जेवायला. तिचं ब्रेस्टचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, पॅक्लिटॅक्सेलचे १२ डोस झालेले, रिपोर्ट आता स्वच्छ आहेत. पण बोटांची टोकं अजून बधिर. भाकरी थापताना पिठाची जाडी कळत नाही म्हणून आता ती बघून थापते, हातानं नाही, काठ जाड आणि मधे पातळ होते. तव्यावर भाकरी उलटताना चटका बसला तरी उशिरा कळतं. ब्लाउजचे हूक माझ्या बहिणीकडनं लावून घेते. तिनं विचारलं, "तुझ्या औषधानं पण माझ्यागत हात बधिर हुतील काय गं?"

मी खरं सांगितलं, की होऊ शकतात. आणि सांगता सांगताच मला एक गोष्ट लखकन दिसली. आम्ही भेजाच का आणतो? कारण मेंदूत ट्यूब्युलिन खच्चून भरलेलं असतं. मज्जातंतू लांब असतात, कमरेपासनं पायाच्या अंगठ्यापर्यंत एकच पेशी, आणि तेवढ्या लांब माल पोचवायला आत मायक्रोट्यूब्यूलचे रूळ. ज्या कारणामुळं मला तीन भेज्यांतनं ७० मिलिग्रॅम मिळतं त्याच कारणामुळं मावशीची बोटं गेली. सगळ्यात लांबचं टोक आधी उपाशी पडतं, म्हणून हाताची नि पायाची बोटं.

दारात तिची सदाफुली आहे. कुणीतरी सांगितलेलं पानं चावून खा म्हणून. तिला सांगितलं खाऊ नकोस. औषध त्यातनंच आलं हे खरं, कॅनडात नोबल आणि बीअर १९५०च्या दशकात डायबिटीससाठी पाल्याचा अर्क तपासत होते, साखर कमी झालीच नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र धडाधड कमी झाल्या, त्यातनं व्हिनब्लास्टिन निघालं. पण पानात ते अतिशय कमी असतं आणि सोबत बाकी काय काय असतं.

पॅक्लिटॅक्सेलची गोष्ट पण सांगितली. अमेरिकेतल्या यू झाडाची साल, १९६२ ला गोळा केलेली, आणि त्यातनं रेणू शोधून १९७१ ला रचना मांडली ती वॉल आणि मनसुख वाणी ह्यांनी. वाणी आपल्या नंदुरबारचे. सुझन हॉरविट्झनी १९७९ ला दाखवलं की हे नळ्या मोडत नाही, उलट सुटूच देत नाही. औषध म्हणून मंजुरी १९९२ ला. साल गोळा केल्यापासनं ३० वर्षं. मावशी म्हणाली, "नंदुरबारच्या माणसानं मला वाचवलं म्हण की." थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

२१ जुलै

पहिली खरी टेस्ट. ट्यूब्युलिन १ मिलिग्रॅम प्रति मिली, ३७ अंश, ३५० नॅनोमीटरला गढूळपणा मोजत बसायचं, नळ्या जितक्या जास्त तितका आकडा वर.

नुसतं ट्यूब्युलिन: दोन-तीन मिनिटं सपाट, मग चढ, २० मिनिटांत ०.३२ वर जाऊन थांबलं. क्युव्हेट बर्फात घातली, परत ०.०५. खाली आलं म्हणजे त्या नळ्याच होत्या, प्रोटीन खराब होऊन झालेला गाळ असता तर उतरला नसता. ही बर्फाची तपासणी मी दर वेळी करणार. पॅक्लिटॅक्सेल: लगेच चढलं, आणि बर्फात पण उतरलं नाही. कोल्चिसिन आधी अर्धा तास ट्यूब्युलिनबरोबर ठेवावं लागतं, ते सावकाश बसतं, पण एकदा बसलं की सुटत नाही. कॉम्ब्रेटास्टॅटिन लगेच बसतं.

कॉम्ब्रेटास्टॅटिन ५ मायक्रोमोलर: ०.२१.

एवढंच? ह्या डोसाला रेषा जवळजवळ सपाट पाहिजे होती.

२२ जुलै

संकेतनं विचारलं कुठल्या बाटलीतलं घेतलंस. खिडकीतल्या. साधी पांढरी काचेची बाटली, महिनाभर खिडकीत, अधूनमधून ऊन. टीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे दाखवणाऱ्या पट्टीवर, एकाच्या जागी दोन ठिपके. एनएमआर लावलं तर ६.४ चे डब्लेट बारीक झालेले आणि ७ च्या जवळ नवीन डब्लेट, १६ हर्ट्झ. उजेडानं सिसचं ट्रान्स झालंय, निम्म्याहून जास्त.

फ्रीझरमध्ये फॉईलमध्ये गुंडाळून ठेवलेला थोडा माल होता. तो घेतला: ०.०६. रेषा झोपलेली. समोर चिकटवलेल्या एनएमआरवर हात ठेवून बसले थोडा वेळ.

आता प्रकल्पाचं पुढचं पाऊल आपोआप ठरलं. जे खिडकीत बिघडतं ते शरीरात पण टिकणं अवघड. डबल बॉण्ड काढून तिथं एक पाच जागांची रिंग घालायची, म्हणजे दोन्ही बाजू सिसमध्ये कुलूपबंद, वळायला जागाच नाही. ती रिंग म्हणजे इमिडॅझोल करायचं. ट्रायमिथॉक्सी अॅनिलिन आणि आयसोव्हॅनिलिनचं इमाईन, त्यावर टॉसमिक, रिंग पुरी करणारं रसायन. ही वाट बाहेर बऱ्याच जणांनी चालून झालीय, आमचं नवीन काय ते रिंगवर पुढं काय लावतो त्यात.

२३ जुलै

गटारीच्या आदल्या दिवशी शेवटची खेप, चार भेजे. मालकांनी पहाटे पाचलाच ठेवलेले, दुकानाबाहेर रांग असून. ह्या वेळी ८५ मिलिग्रॅम. श्रावण निघेल एवढं आहे.

४ ऑगस्ट

कळ-१, कळ-२, कळ-३ झाले. कळ-१ काहीच करत नाही. कळ-२ विरघळतच नाही नीट, त्याचा आकडा लिहिणार नाही. कळ-३, ५ मायक्रोमोलरला निम्मं थांबवतं, आणि बर्फात ठेवल्यावर उरलेलं निम्मं खाली उतरतं. मुद्दाम १५ दिवस खिडकीत ठेवणार आहे एक बाटली.

सरांना एक मागणं केलं. कॅन्सरच्या पेशींवर टेस्ट करायला बाहेर पाठवू तेव्हा सोबत मज्जातंतूसारख्या पेशींवर पण करायची, एसएच-एसवाय-फाईव्ह-वाय, त्यांना फुटणाऱ्या शेंड्यांची लांबी मोजायची, आणि ती पहिल्याच खेपेला, शेवटी वेळ उरला तर नाही. सर म्हणाले खर्च वाढेल, कंपाऊंड कमी पाठवावी लागतील. म्हणलं चालेल, तीन पाठवू. शिवाय भेज्याचं ट्यूब्युलिन आणि गाठीतलं ट्यूब्युलिन पण अगदी तेच नाही, मेंदूत बीटा-तीन प्रकार भरपूर, काही गाठीत तो वाढला की पॅक्लिटॅक्सेल दाद देत नाही. कांद्यानं एकदा फसवलंय, बकऱ्याचं पण तपासूनच घ्यायचं. सरांनी हो म्हणलंय.

कळ-३ परत करायचंय, ह्या वेळी ५०० मिलिग्रॅम. टॉसमिक संपलंय, ऑर्डर टाकली. एनएमआरचा स्लॉट गुरुवारी ११ वाजता.